किटऐवजी घरचा अर्क: डीएच५-अल्फाच्या पेशींकडून डीएनए जोडून घेताना ठेवलेल्या नोंदी

८ डिसेंबर

कोटेशन आलं. दोन डीएनए तुकडे बेमालूम जोडून देणारं किट, दहा वेळा वापरण्यापुरतं, जीएसटी धरून २३,६०० रुपये. सांगलीतल्या आमच्या विभागाला एम.एस्सी.च्या प्रकल्पांसाठी वर्षाला २५,००० मिळतात आणि यंदा दोन विद्यार्थी आहेत. किट घेतलं तर प्लेट ओतायलाही पैसे उरणार नाहीत. म्हणून ठरवलं की जोडणारी प्रथिनं आपणच काढायची.

रस्ता नवा नाही. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये झांग, वेर्लिंग आणि एडेलमन यांनी ई. कोलाय या जिवाणूच्या पेशी फोडून काढलेल्या कच्च्या अर्काने डीएनएचे तुकडे जोडून दाखवले. त्या पद्धतीला त्यांनी ‘स्लाइस’ म्हटलं. त्यांच्या वाणात लॅम्डा फेजची ‘रेड’ ही पुनर्संयोजन प्रथिनं मुद्दाम घातलेली होती. तो वाण आमच्याकडे नाही. पण २०१५ मध्ये जपानच्या मोतोहाशींनी साध्या प्रयोगशाळेतल्या वाणांचा अर्कही चालतो हे दाखवलं, आणि डीएच५-अल्फा हा ई. कोलायचा असाच साधा वाण आमच्या फ्रीजमध्ये आहे.

चाचणीसाठी सोपी जोडी निवडली. पीयूसी१९ हा २,६८६ अक्षरांचा प्लाझ्मिड (जिवाणूतला डीएनएचा छोटा गोल) आणि त्यात घालायचा हिरवा चमकणाऱ्या प्रथिनाचा, म्हणजे जीएफपीचा, ७२० अक्षरांचा जनुक. पीयूसी१९ तसाच राहिला तर एक्स-गाल (निळा रंग देणारं रसायन) घातलेल्या प्लेटवर कॉलनी निळी येते. जनुक बसला तर पांढरी, आणि निळ्या टॉर्चखाली हिरवी. डोळ्यांनी निकाल दिसला पाहिजे, कारण आमच्याकडे दुसरं महागडं काही नाही. प्रकल्पाचा कागद संस्थात्मक जैवसुरक्षा समितीकडे दिला आहे.

११ डिसेंबर

प्रायमर मागवले, म्हणजे पीसीआरने जनुकाच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे. प्रत्येकात पुढची १८ अक्षरं व्हेक्टरच्या, म्हणजे पीयूसी१९ च्या, कडेशी जुळणारी, मागची २० जीएफपीची. ३८ अक्षरांचे दोन, अक्षरामागे १४ रुपये, करासकट १,२५५. आराखडा मी स्वतः कागदावर केला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याची किंमत लिहिली आहे.

१६ डिसेंबर

अर्क काढण्याआधी कॉम्पिटंट पेशी (बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणाऱ्या) तपासल्या ते बरं केलं. १ नॅनोग्रॅम पीयूसी१९ देऊन दहावा भाग पसरला, कॉलनी आल्या ९. म्हणजे मायक्रोग्रॅमला नव्वद हजार. अशा पेशींवर जोडणीचा प्रयोग केला असता तर काहीच उगवलं नसतं आणि आम्ही दोष अर्काला दिला असता.

कारण शोधायला दोन दिवस गेले. कॅल्शियम क्लोराइड नवं केलं, फरक नाही. बर्फ जास्त वापरला, फरक नाही. शेवटी फ्लास्क बदलले. प्रयोगशाळेतले मदतनीस मामा काचेची भांडी साबणाच्या पावडरीने घासतात आणि नळाच्या पाण्याने धुतात. भांडी लखलखीत असतात, पण साबणाचा अंश राहतो आणि कॅल्शियमने तयार होणाऱ्या पेशी त्याला फार नाजूक असतात. चार फ्लास्क वेगळे काढले, त्यांवर मामांनीच लाल पट्टी चिकटवली, ‘ह्याला साबण नाही’. ते फक्त डिस्टिल्ड पाण्याने धुवून ऑटोक्लेव्ह करायचे. पुढच्या खेपेला ०.१ नॅनोग्रॅमवर, तोही दहावा भाग पसरून, २१० कॉलनी. दोन कोटींच्या वर. एवढं पुरतं.

बर्फाबद्दल: आमचं बर्फाचं यंत्र दोन वर्षं बंद आहे. बर्फ कारखान्यातून लादी आणतो, खेपेला ३० रुपये, पोत्यात गुंडाळून फोडायची. चुऱ्यात थोडं पाणी आणि मीठ घातलं तर नळी चांगली गार होते. कॉम्पिटंट पेशींच्या वेळी मात्र नळीचं तोंड त्या मिठाच्या पाण्यापासून लांब ठेवायचं.

२२ डिसेंबर

पहिला अर्क वाया गेला. चूक विचारपूर्वक केलेली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

विट्याच्या विद्यार्थिनीने सुचवलं, “मॅडम, अर्कात प्रथिनं टिकायला हवीत, तर बीएल२१ हा वाण घेऊया ना. त्यात लॉन आणि ओएमपीटी ही प्रथिनं तोडणारी एन्झाइमं नसतात.” तर्क बरोबर वाटला, मी होकार दिला. १०० मिली वाढवलं, पेशी फोडल्या, अर्क काढला, व्हेक्टर आणि इन्सर्टसोबत (म्हणजे घालायच्या जनुकासोबत) ३७ अंशांवर अर्धा तास ठेवला आणि रूपांतरण केलं, म्हणजे ते मिश्रण कॉम्पिटंट पेशींना दिलं. कॉलनी शून्य. नुसता न कापलेला पीयूसी१९ अर्कात ठेवून दिला होता, त्याच्याही मूठभरच.

मग तीच मिश्रणं जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार पट्ट्यांत (बॅंड) वेगळे करणाऱ्या थरावर, चालवली. बॅंड कुठेच नव्हते, विहिरीपासून खालपर्यंत नुसता धूर. बीएल२१ मध्ये एंडोन्यूक्लिएज-वन हे एन्झाइम शाबूत असतं. पेशी फोडली की ते बाहेर येतं, आणि आपल्या बफरमध्ये तर मॅग्नेशियम असतंच. डीएनएचे तुकडे तुकडे होतात. डीएच५-अल्फा आणि जेएम१०९ या दोन्ही वाणांत ‘एंडए१’ हा बिघाड मुद्दाम ठेवलेला असतो आणि तो या कामात आपला मित्र आहे. प्रथिनं वाचवायला गेलो आणि डीएनए गमावला. वाण निवडताना त्याच्या नावापुढची ती लांबलचक जनुकांची ओळ वाचायचीच, हा नियम आता भिंतीवर लिहिला आहे.

गेलेला वेळ: पाच दिवस.

२९ डिसेंबर

डीएच५-अल्फाचा पहिला अर्क झाला. पद्धत अशी: टू-वायटी माध्यमात १०० मिली वाढवायचं, पेशी खाली बसवायच्या, थंड पाण्याने एकदा धुवायच्या, वजन करायचं. ०.४५ ग्रॅम पेशींना ५५० मायक्रोलिटर फोडण्याचा बफर (ट्रिस ५० मिलिमोलर, सामू ८, ट्रायटन एक्स-१०० तीन टक्के). हलक्या हाताने मिसळून दहा मिनिटं तसंच. मग ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी घ्यायचं, त्यात समान आकारमानाचं शुद्ध ग्लिसरॉल घालायचं, ४० मायक्रोलिटरच्या नळ्यांत भरून उणे २० ला ठेवायचं. निम्मं ग्लिसरॉल असल्यामुळे त्या तापमानाला अर्क गोठत नाही आणि पिपेटने थेट उचलता येतो.

ट्रायटन पिपेटने मोजू नका. सकाळी खोलीत १७ अंश होते, ते मधासारखं घट्ट झालेलं आणि टिपच्या आतच अर्धं राहत होतं. तराजूवर ठेवून वजनाने घ्या.

एक तडजोड केली आहे. विद्यार्थिनी विट्याहून एसटीने येते, विद्यार्थी पलूसचा, किर्लोस्करवाडीहून पॅसेंजर पकडतो. दोघांना संध्याकाळी निघावं लागतं. म्हणून पेशी रात्रभर, सोळा तास वाढवल्या. हे योग्य आहे की नाही ते कॉलनी सांगतील.

३ जानेवारी

प्लेट निळ्याशार. १८० निळ्या, ४ पांढऱ्या, चमकणारी एकही नाही. न कापलेला पीयूसी१९ उरला होता, एवढाच त्याचा अर्थ. पीयूसी१९ कापायला हिंड-थ्री आणि इको-आरवन ही दोन एन्झाइमं एकत्र एक तास ठेवली होती. आता चार तास ठेवलं, आणि जेलवर वेगळा करून योग्य बॅंड कापून घेतला.

८ जानेवारी

आता निळ्याही नाहीत आणि पांढऱ्याही नाहीत. प्लेट कोरी.

याला कारण मी स्वतः. बॅंड कापताना जेल यूव्हीच्या पेटीवर ठेवून मी विद्यार्थ्यांना दाखवत बसले, फोटो काढले, समजावलं. तीन मिनिटं तरी गेली असतील. तेवढ्या यूव्हीत डीएनएवर इतक्या जखमा होतात की बॅंड सुंदर दिसतो पण प्लाझ्मिड म्हणून जगत नाही. निळ्या प्रकाशाची पेटी आणि तिला चालणारा रंग घ्यायला पैसे नाहीत. जुन्या लोकांची युक्ती वापरली: एकच नमुना सलग पाच विहिरींत भरायचा, जेल झाल्यावर कडेच्या दोन पट्ट्या कापून फक्त त्याच रंगवायच्या, यूव्हीवर त्यांत बॅंडच्या जागी खाच पाडायची, मग त्या पट्ट्या परत जागेवर लावून खाचेच्या रेषेत मधला न रंगवलेला भाग कापायचा. मधल्या डीएनएने यूव्ही पाहिलाच नाही. खर्च शून्य. ही युक्ती आता दोघांना इतकी जमते की पट्टी न लावता कापतात.

१२ जानेवारी

रात्री साडेआठला विद्यार्थिनीचा फोन. आज ती मुद्दाम मैत्रिणीकडे सांगलीतच राहिली होती. “मॅडम, चमकतंय!” मी परत गेले. खोलीचा दिवा बंद करून निळा टॉर्च आणि नारिंगी जिलेटिन कागद. २३ पांढऱ्या, ६ निळ्या, आणि पांढऱ्यांतल्या ५ अगदी पोपटी हिरव्या. मामाही थांबले होते, त्यांनीही पाहिलं. पाच हिरव्या कॉलनी वेगळ्या पट्टीवर रेघा मारून वाढवल्या. उरलेल्या १८ पांढऱ्यांना आम्ही ‘रिकाम्या’ म्हटलं.

१३ जानेवारी

सकाळी कंट्रोलच्या प्लेट पाहिल्या. रात्री आनंदात त्या इन्क्युबेटरमध्येच राहिल्या होत्या. ‘फक्त इन्सर्ट, व्हेक्टर नाही’ या प्लेटवर ४ कॉलनी होत्या आणि चारही चमकत होत्या.

प्लेटमध्ये अँपिसिलिन हे प्रतिजैविक असतं आणि ते सहन करण्याची ताकद पेशीला व्हेक्टर देतो. व्हेक्टरच नाही तर अँपिसिलिनमध्ये उगवलं काय? आमचा जीएफपीचा जनुक आला तो जुन्या प्रकल्पातल्या एका प्लाझ्मिडवरून, पीसीआर करून. तो प्लाझ्मिडही अँपिसिलिन सहन करणारा, आणि कायम चमकणारा. पीसीआरच्या नळीतून तोच थेंबभर पुढे आला होता. इन्सर्ट मी नुसता स्तंभातून शुद्ध केला होता, जेलमधून नाही.

खात्रीसाठी कॉलनी पीसीआर केला, म्हणजे थेट कॉलनीतल्या डीएनएवर पीसीआर. प्रायमर एम१३ चे, पीयूसी१९ वर जनुकाच्या दोन्ही बाजूंना बसणारे. पाच हिरव्या कॉलनींत बॅंड नाही, म्हणजे तो पीयूसी१९ नव्हेच. कुतूहल म्हणून ‘रिकाम्या’ पांढऱ्यांपैकी आठ घातल्या. रिकाम्या असत्या तर शे-दीडशे अक्षरांचा बॅंड आला असता. आठांपैकी सातांत आठशेच्या आसपासचा ठळक बॅंड आला.

म्हणजे ज्या टाकून देणार होतो त्याच खऱ्या होत्या. अर्काने जोडलं होतं, आणि ते चमकत नव्हतं.

विद्यार्थिनी रडवेली झाली होती. तिला म्हटलं, अगं, आज तू जे पाहिलंस ते पाच हिरव्या कॉलनींपेक्षा मोलाचं आहे. जोडणी होतेय याचा हा पहिला खरा पुरावा. उद्या संक्रांत, घरी जा, तिळगूळ खा, परवा बघू.

१७ जानेवारी

सात पांढऱ्यांपैकी दोनांचे प्लाझ्मिड काढून पुण्याला सीक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरक्रम वाचून घ्यायला, पाठवले. प्रत्येकी ४८०. कुरिअर दुपारी तीनच्या आत दिलं तर दुसऱ्या दिवशी पोचतं.

२३ जानेवारी

निकाल आला. दोन्ही जोड अचूक. हिंड-थ्रीच्या बाजूला एकही अक्षर इकडचं तिकडे नाही, इको-आरवनच्या बाजूलाही नाही. अर्काने मी आखलं तेच तंतोतंत केलं. आराखडाच चुकीचा होता.

पेशी जनुक तीन-तीन अक्षरांच्या त्रिकांनी वाचते, आणि एटीजी या त्रिकापासून सुरुवात होते. पीयूसी१९ मध्ये वाचन सुरू होतं ते असं: एटीजी, एसीसी, एटीजी, एटीटी, एसीजी, सीसीए, एजीसी, आणि मग ‘टीटी’ अशी दोनच अक्षरं हिंड-थ्रीच्या कडेला उरतात. ती पुढच्या त्रिकाची सुरुवात असते. मी त्यांना चिकटून लगेच जीएफपीचं एटीजी ठेवलं. त्रिक झालं ‘टीटीए’, आणि जीएफपीचा पुढचा सगळा वाचनक्रम घसरला. मध्ये एकच अक्षर, ‘जी’, हवं होतं, म्हणजे ‘टीटीजी’ पूर्ण होऊन एटीजी नव्या त्रिकाने सुरू झालं असतं.

चूक माझी. अकरा डिसेंबरला कागदावर दर तीन अक्षरांखाली रेघ मारून मोजलं असतं तर सहा आठवडे वाचले असते. विद्यार्थ्यांपुढे फळ्यावर लिहून दाखवलं. नवा पुढचा प्रायमर, ३९ अक्षरं, ६४४ रुपये. आता नियम असा की कोणताही प्रायमर मागवण्याआधी दुसऱ्या माणसाने जोडीनंतरचं वाक्य त्रिकं पाडून मोठ्याने वाचायचं.

२८ जानेवारी

दोन गोष्टी बदलल्या.

पहिली, इन्सर्टच्या पीसीआरमध्ये डीपीएन-वन एन्झाइम घातलं, ३,९०० रुपये. ते मिथाइल लागलेली जीएटीसी ही अक्षरंच कापतं. जिवाणूत वाढलेल्या जुन्या प्लाझ्मिडवर ते मिथाइल असतात, पीसीआरमध्ये नव्याने बनलेल्या डीएनएवर नसतात. जुना कापला जातो, नवा राहतो. शिवाय इन्सर्ट जेलमधूनही काढला.

दुसरी, अर्क. रात्रभर वाढवलेल्या पेशींचा अर्क बाजूला ठेवून दिवसाचा काढला. सकाळी नऊला रात्रीच्या वाढीतला थोडा भाग ताज्या १०० मिलीत घातला, साडेतीन तासांनी ओडी (गढूळपणावरून पेशींची वाढ मोजणारा आकडा) २.४ झाल्यावर लगेच बर्फावर. दुपारी तीनला नळ्या भरून झाल्या, पलूसच्या विद्यार्थ्याची गाडीही चुकली नाही. रात्रभराची तडजोड गरजेची नव्हतीच.

३ फेब्रुवारी

पाच प्लेट. यावेळी सगळ्या एकत्र पाहिल्या, दिवा बंद करण्याआधी.

न कापलेला पीयूसी१९: मोजता न येण्याइतक्या निळ्या. फक्त इन्सर्ट: शून्य. फक्त कापलेला व्हेक्टर, अर्कासह: ३ निळ्या. व्हेक्टर आणि इन्सर्ट, जुना रात्रभराचा अर्क: २९ पांढऱ्या. व्हेक्टर आणि इन्सर्ट, दिवसाचा अर्क: १३६ पांढऱ्या, २ निळ्या.

मग दिवा बंद केला. १३६ पैकी १२८ हिरव्या.

आठ चमकल्या नाहीत, त्यांतल्या दोन सीक्वेन्सिंगला दिल्या आहेत. (पुढे घातलेली टीप: एकीत पीसीआरची चूक, दुसरीत प्रायमरमधलंच एक अक्षर गळलेलं. लांब प्रायमर साध्या शुद्धतेचे घेतले की असं होतं. सगळ्या कॉलनी चांगल्या धरू नका, चार-पाच तपासा.)

४ फेब्रुवारी

एक प्लेट राहिली होती: व्हेक्टर आणि इन्सर्ट, पण अर्क नाही. तिच्यावर ६ हिरव्या कॉलनी आल्या.

पलूसचा विद्यार्थी तडक म्हणाला, नळी बदलली असणार. परत केलं, नव्या टिप, नव्या नळ्या. ५ हिरव्या. तिसऱ्यांदा ७.

हे खोटं नव्हतं. अर्क न घालता दोन तुकडे नुसते पेशीत ढकलले तरी ई. कोलाय स्वतः ते जोडतो. असं जिवाणूच्या आत होतं हे १९९३ पासून छापलेलं आहे, आणि २०१९ मध्ये जपानच्या नोझाकी आणि निकी यांनी त्यामागे कोण आहे तेही दाखवलं: एक्सटीएचए, म्हणजे एक्सोन्यूक्लिएज-थ्री. ते डीएनएच्या कडांची एक साखळी टोकाकडून कुरतडतं. दोन्ही तुकड्यांच्या १८ अक्षरी कडा उघड्या पडतात आणि एकमेकींना चिकटतात. राहिलेल्या फटी पेशी भरून काढते. आमच्या अर्कातही मुख्य हात त्याचाच.

विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न इथे बसतो. “मॅडम, डीएच५-अल्फा तर रेकए-वन आहे. पुनर्संयोजनाचं मुख्य प्रथिन रेकए, तेच बिघडलेलं. मग जोडतंय कोण?” पाठ्यपुस्तकात पुनर्संयोजन म्हटलं की रेकएच येतं, म्हणून हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. इतक्या छोट्या कडांची जोडणी रेकएशिवाय होते. उलट रेकए नसल्यामुळे जोडलेला प्लाझ्मिड नंतर पेशीत आपापसांत अदलाबदल करत नाही, जसा जोडला तसाच राहतो. मला स्वतःला हे नीट समजलं ते या प्लेटमुळे.

ज्यांच्याकडे अर्क करायचीही सोय नाही त्यांना एवढं सांगते: एकच साधा जनुक घालायचा असेल आणि कॉम्पिटंट पेशी चांगल्या असतील, तर नुसते दोन तुकडे पेशींना देऊन बघा. पाच-सहा कॉलनी पुष्कळ होतात. दोनपेक्षा जास्त तुकडे असतील तर अर्क हवाच.

१६ फेब्रुवारी

शनिवारी दुपारी वीज गेली ती सोमवारी सकाळी आली. फ्रीजरचं दार कुणी उघडलं नव्हतं, तरी आत ११ अंश. कॉम्पिटंट पेशी गेल्या. अर्क तपासला: त्याच व्हेक्टर-इन्सर्टवर १३० च्या जागी ४८ पांढऱ्या. कामापुरता चालला असता, पण पुढच्या कुठल्याही अपयशाचं कारण कळणं अवघड झालं असतं, म्हणून टाकला. परत केला, एका दिवसात झाला. किटची डबी असती तर ते २३,६०० रुपये गेले असते.

आता निम्म्या नळ्या रसायनशास्त्र विभागाच्या फ्रीजरमध्ये असतात. १०-पट बफरही (ट्रिस ५०० मिलिमोलर सामू ७.५, मॅग्नेशियम क्लोराइड १००, एटीपी १०, डीटीटी १०) एकेका आठवड्याच्या छोट्या नळ्यांत भरला. एकदा वितळलेला परत गोठवायचा नाही.

२ मार्च

पलूसच्या विद्यार्थ्याचं खरं काम सुरू: गुऱ्हाळाजवळच्या मातीतून मिळालेल्या बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचा अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) जनुक, सुमारे २,००० अक्षरांचा. त्याने व्हेक्टर पीएसटी-वन (आणखी एक कापणारं एन्झाइम) आणि इको-आरवनने कापला, कारण पीएसटी-वनची नळी भरलेली होती. पांढऱ्या ११, त्यांतल्या खऱ्या ३.

पीएसटी-वनने कापल्यावर साखळीचं ३ प्राइम म्हणतात ते टोक चार अक्षरं बाहेर राहतं. एक्सोन्यूक्लिएज-थ्रीला नेमकं तसं टोक कुरतडता येत नाही. केपीएन-वन आणि एसएसी-वनचीही टोकं तशीच. त्याने हिंड-थ्रीवर परत आणलं, पुढचा प्रायमर नवा घेतला, आणि पांढऱ्या ७२ आल्या. ज्यांच्या कपाटात नेमकी पीएसटी-वनच आहे त्यांनी व्हेक्टर सरळ पीसीआरने लांब करून घ्यावा आणि डीपीएन-वन द्यावं.

१४ मार्च

आता रोज वापरतो ते प्रमाण: दहा मायक्रोलिटरमध्ये व्हेक्टर ५० नॅनोग्रॅम, इन्सर्ट रेणूंच्या मोजणीने तिप्पट (जीएफपीसाठी ४० नॅनोग्रॅम पडतं), १०-पट बफर एक, अर्क एक, उरलेलं पाणी. ३७ अंशांवर २० मिनिटं. तासभर ठेवून कॉलनी वाढल्या नाहीत. मग बर्फावर, आणि ५० मायक्रोलिटर पेशींना त्यातले दोनच मायक्रोलिटर. पूर्ण दहा घातले तेव्हा कॉलनी पाचव्या भागावर आल्या, अर्कातलं ट्रायटन आणि बफरमधले क्षार पेशींना सोसत नाहीत. एक्स-गालसोबत, निळ्या रंगाचा जनुक चालू करणारं आयपीटीजी आम्ही घालत नाही. डीएच५-अल्फात तो जनुक दाबून ठेवणारा जास्तीचा रिप्रेसर नसतो आणि पीयूसी१९ च्या प्रती इतक्या असतात की निळा रंग तसाच येतो. जेएम१०९ वापरणाऱ्यांना मात्र ते लागेल.

हिशेब, चुकांसकट: प्रायमर १,२५५ आणि ६४४, डीपीएन-वन ३,९००, चांगलं पॉलिमरेज ६,५००, एक्स-गाल १,४५०, सीक्वेन्सिंग चार वेळा १,९२०, माध्यम-ट्रायटन-ग्लिसरॉल-प्लेट २,३००, बर्फ ४२०. एकूण १८,३८९. हिंड-थ्री आणि इको-आरवन आधीच होतं, ते यात धरलेलं नाही, आणि पलूसच्या जनुकाचे प्रायमर त्याच्या खात्यावर. अर्काचा स्वतःचा खर्च एका खेपेला दोनशे रुपयांच्या आत, आणि एका खेपेत पंचवीस नळ्या, म्हणजे हजार जोडण्यांना पुरेल इतका. पैसे गेले ते जोडणीच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांत. वेळ गेला तो बहुतेक माझ्या एका गळलेल्या अक्षरापायी.

२१ मार्च

अमायलेजच्या चार कॉलनी स्टार्चच्या प्लेटवर ठिपक्यांनी लावल्या, शेजारी पीयूसी१९ ची रिकामी. दोन दिवसांनी आज आयोडीन ओतलं. प्लेट गर्द जांभळी झाली, रिकाम्या कॉलनीभोवतीही जांभळीच. चारांपैकी तीन कॉलनींभोवती स्वच्छ पांढरी कडी उमटली, सर्वात मोठी ९ मिलिमीटर. चौथीचा प्लाझ्मिड सीक्वेन्सिंगला बांधून ठेवला आहे, उद्या कुरिअर.

कराडच्या एका कॉलेजमधल्या मॅडमना अर्काच्या दोन नळ्या हव्या आहेत. सोमवारी आमची विद्यार्थिनी थर्मासमध्ये बर्फ घालून घेऊन जाईल, सोबत लाल पट्टीचा एक फ्लास्कही देणार आहे.